मागचे कंद

४ ऑक्टोबर

धाकटीस,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्यांनी आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तेवढी जागा वर मोकळी सोडली आहे. तुला हवं ते तूच भरून घे.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. तुझा आवाज ऐकला की माझा चढतो, आणि पलीकडच्या खोलीत आई असते. तिचे डोळे चाललेत, कान शाबूत आहेत. म्हणून पत्र.

काल मावशी येऊन गेली. तिच्या पोटात तीळ भिजत नाही हे तुला पक्कं माहीत आहे. तरी तू तिला फोटो पाठवलास, म्हणजे तो माझ्यापर्यंत पोचावा हीच तुझी इच्छा. पोचला. आईच्या ऑर्किडला फुलाचा दांडा आलाय, तुझ्या खिडकीत, तुझ्या त्या निळ्या चकचकीत कुंडीत. मावशी म्हणाली, "बघ गं, पोरीनं कसं जिवापाड जपलंय!" मी कप उचलून आत गेले. नाहीतर मावशीला दोन शब्द ऐकावे लागले असते, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

"आईचं ऑर्किड" असं मी मुद्दाम लिहिलंय. मी लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासत बसले होते तेव्हा तू घर सोडलंस, आणि जाता जाता झाडाचे दोन तुकडे केलेस. पुढचा भाग घेऊन गेलीस. पानं त्याला, नवे कोंब त्याला, फुलणार तोच. माझ्यासाठी काय ठेवलंस? मागचे म्हातारे कंद. पान नाही, मुळं वाळलेली, अंगावर सुरकुत्या. वर्तमानपत्रात गुंडाळून ओट्यावर. कामाच्या बाईंनी सडके कांदे समजून ते कचऱ्यात टाकायला काढले होते. लोक निदान तोंडाला पानं तरी पुसतात. तू तेवढीही मागे ठेवली नाहीस.

आता कामाचं. आईच्या काचबिंदूनं शेवटचं वळण घेतलंय. कुलपाच्या भोकातून बघावं तेवढंच तिला दिसतं. माझ्याकडे बघायचं तर आधी नाक बघते, मग एक डोळा, मग दुसरा, आणि मग म्हणते, "दमलीस का गं?" पुढच्या वर्षी एवढं तरी राहील का, याचा शब्द डॉक्टर देत नाहीत. तिला ते हिरवं फूल एकदा बघायचंय. रोज त्याच्याबद्दल विचारते.

तेव्हा कळ्या उमलायच्या आत झाड इथे आण. तू स्वतः आलंच पाहिजे असं काही नाही. कुणाच्याही हाती पाठवलंस तरी चालेल, उलट तेच बरं.

ताई

१८ ऑक्टोबर

धाकटीस,

तुझं पत्र आलं. इतकं गोड पत्र मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं, दात शिवशिवले. "प्रिय ताई" काय, "तुझी काळजी वाटते" काय! काळजी वाटणारी माणसं जिना चढून येतात.

तू म्हणतेस, कळ्या धरलेलं झाड हलवायचं नसतं, जागा बदलली की कळ्या पिवळ्या पडून गळतात, तेव्हा झाडाऐवजी आईलाच तिकडे आणावं. म्हणजे आईचं झाड तुझ्याकडे, आणि आता आईही तुझ्याकडे. पुढच्या पत्रात माझा पलंग मागशील.

दुसरं, तू म्हणतेस झाड आईनंच तुला दिलं, "खोटं वाटत असेल तर तिला विचार." मी विचारणार नाही. का ते ऐक. झाड घरातून गेलंय हेच तिला माहीत नाही. मी तिला सांगत आलेय की झाड गच्चीत आहे, तिथे उजेड बरा मिळतो. गच्चीचा जिना तिला चढवत नाही, त्यामुळे निभावून जातं. कसं आहे म्हणून विचारते, मी सांगते छान आहे. पानं किती आलीत म्हणते, मी सांगते भरपूर. तुझी चोरी झाकायला मी दिवसाढवळ्या खोटं बोलतेय, आणि तू मला विचारायला सांगतेस! नाकानं कांदे सोलायचं बंद कर.

कांद्यांवरून आठवलं. तुला वाटलं असेल मी ते फेकून दिले. नाही दिले. तू कापलंस कशानं, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं ना? कंदांना जोडणारा जाडा देठ पार चेचून टाकला होतास. तो मला पुन्हा कापावा लागला. मेण मऊ करायला आम्ही स्पिरिटचा दिवा वापरतो, त्यावर पातं तापवून, निववून, नीट एका झटक्यात. मग एकेक कंद नळाखाली धरून त्याची कागदासारखी साल सोलली. बुडाशी डोळा असतो, मसुराएवढा. आईनं लहानपणी दाखवला होता, तुलाही दाखवला होता, पण तेव्हा तू खेळायला पळालीस. डोळा हिरवा असला तर कंद जिवंत, तपकिरी असला तर गेलेला.

कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली. शेवाळ भिजवून, घट्ट पिळून, पारदर्शक डब्यात घातलं आणि डबा फ्रिजवर ठेवला, तिथे ऊब असते. त्यातले काही कुजले. कुजलेल्या कंदाचा वास तुझ्या नशिबी यावा असं फार वाटलं. उरलेले नुसते बसून राहिले. महिनोन्‌महिने ढिम्म. कामावर जाताना मी डबा उजेडात धरायचे, काही नाही दिसलं की तुझा उद्धार करायचे आणि परत ठेवायचे. असा तुझा बराच उद्धार झालाय.

आता दोन कंदांना कोंब आहेत. एकाचा करंगळीएवढा, दुसऱ्याचा त्याहून जरा मोठा. म्हणजे फूल यायला अजून दोन-तीन वर्षं, आणि आईच्या डोळ्यांकडे तेवढी वर्षं नाहीत. हे एवढं सगळं तुला कशाला सांगितलं कोण जाणे. माझ्याकडे काय आहे ते तुला कळावं, आणि काय नाही तेही.

झाड पाठव.

ताई

२ नोव्हेंबर

झालं तुझ्या मनासारखं.

गेल्या आठवड्यात आईनं हट्टच धरला. "बघता येत नाही तर नाही, हात तरी लावू दे. खाली आण." आज आणते, उद्या आणते करून मी चार दिवस ढकलले. मग नर्सरीतून एक ऑर्किड विकत आणलं. रुंद पानांचं, पांढऱ्या फुलांचं, दवाखान्यांच्या काउंटरवर असतं ते. आपल्या जुन्या मातीच्या कुंडीत बसवलं, वरून झाडाच्या सालीचे तुकडे पसरले. फूल हिरवं नाही त्याचं काय करायचं, ते मला सुचलं नव्हतं. फुलं खुडून टाकली. काल दुपारी तिच्या मांडीवर कुंडी ठेवली आणि म्हटलं, "घे, तुझं झाड."

तिनं आधी कुंडीचा काठ चाचपला. काठाचा टवका तिच्या बोटांना ओळखीचा आहे, तो सापडल्यावर हसली. मग पानांवरून हात फिरवला. मग बोटं खाली गेली, सालीत, आणि तिथेच थांबली.

"कंद कुठेत गं याचे?"

"असतील की आत."

"आत नसतात. वर असतात. हे आपलं नाही."

"आई, तुला नीट दिसत नाही, उगाच काहीतरी..."

"दिसत नाही म्हणून तर कळलं. दिसत असतं तर फसले असते." कुंडी माझ्याकडे सारत म्हणाली, "आपलं झाड धाकटीकडे आहे. मीच दिलंय तिला. तुझ्याकडे मागचे कंद होते, त्यांचं विचारतेय मी. गच्चीत छान आहेत म्हणत होतीस ना?"

कळलं का तुला? इतके दिवस मी तिला आख्ख्या झाडाच्या थापा मारत होते, आणि ती बिचारी कंदांची खुशाली ऐकत होती. "भरपूर पानं" म्हटल्यावर खूश व्हायची, तिला वाटायचं कंद फुटले. मी उठले, फ्रिजवरचा डबा आणला, तिच्या हातात दिला. तिनं झाकण काढून कोंबांना बोट लावलं. खूप वेळ लावून ठेवलं. "तुझ्या हाताला गुण आहे," म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायला हवं होतं. नाही चढलं.

तेव्हा "चोरी" हा शब्द मागे घेते. माझे बाकीचे शब्द जिथे आहेत तिथेच आहेत.

३ नोव्हेंबर

काल पत्र टाकलं नाही, कारण रात्रभर जे डोक्यात घुमत होतं ते सकाळी तिला विचारायचं होतं. विचारलं. पुढचा भाग धाकटीला आणि मागचे कंद मला, असं का?

आईचं उत्तर जसंच्या तसं लिहिते. "अगं, तिच्या हाती कंद दिले असते तर तिनं पंधरा दिवसांत कुजवले असते. तिला कुठे जमतंय. तू करशील हे मला माहीत होतं. तुझं काय, तुला सगळं जमतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कौतुक करत होती गं! तिला वाटलं मी सुखावेन.

आठव जरा. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा कॉलेज कुणी सोडलं? तुझी परीक्षा होती. मला लॅबमध्ये चिकटवलं, "थोरलीला जमेल." तुला अंधाराची भीती, म्हणून खिडकीजवळचा पलंग तुझा. तुला उलटी व्हायची, म्हणून बसमधली पुढची जागा तुझी. आईचे डोळे बिघडायला लागले तेव्हा तू याच घरात, याच टेबलाशी म्हणालीस, "ताई, मला हे नाही जमणार," आणि बॅग भरलीस. तू एवढं बोललीस की सगळं घर तुझ्यासाठी खुर्ची ओढतं. मला जमतं, म्हणून माझ्या वाट्याला नेहमी मागचं, वाळलेलं, ज्यातून काही उगवेल की नाही याची खात्री नाही असं. आणि ते उगवून दाखवलं की सगळे म्हणणार, बघा, आम्ही म्हणत होतो.

तुझा राग येतोच. आता आईचाही येतो. आंधळी होत चाललेल्या बाईचा राग येणं किती वाईट दिसतं, ते मला शिकवू नकोस.

ताई

२१ नोव्हेंबर

धाकटीस,

ये आणि तिला घेऊन जा.

झाड हलवू नये हे तुझं म्हणणं मी आईला सांगितलं, तेही "बघ कशी टाळते" अशा सुरात सांगितलं. तर आईनं तुझीच बाजू घेतली. "बरोबर सांगतेय ती. कळ्या टाकेल झाड. झाडाला नाही जमत, मला जमेल. मीच जाते." तिच्या तोंडून ते ऐकल्यावर मला बोलायला जागा उरली नाही.

शनिवारी ये. मी लॅबमध्ये असेन, किल्ली मावशीकडे असेल. मी घरी नसताना इथून माणसं आणि वस्तू न्यायची तुला सवय आहेच.

जिना उतरताना ती उजवा हात कठड्यावर आणि डावा माणसाच्या खांद्यावर ठेवते. तू तिच्या एक पायरी पुढे राहायचं. बाजूला नाही, मागे तर नाहीच. "झाली का शेवटची?" असं प्रत्येक पायरीला विचारेल, वैतागू नकोस. डोळ्यांत घालायचे थेंब दोन प्रकारचे आहेत, झाकणांना मी वेगवेगळे दोरे बांधलेत. ते थेंब चुकवायचे नाहीत. "आज राहू दे" म्हणेल, ऐकायचं नाही. कवळी रात्री पाण्यात. मीठ कमी असलं की तुला बोलणार नाही, ताटातलं तसंच ठेवेल, तेव्हा ताट बघत जा. घरातली एकही खुर्ची तिला न सांगता हलवायची नाही.

फूल गळेपर्यंत तिला ठेव. त्यानंतर आणून सोडायचं. हे ठरलेलं आहे आणि ते तू पाळणार आहेस.

ताई

१६ मार्च

धाकटीस,

तुझं पत्र आणि आईचे फोटो मिळाले. शाल नवीन दिसतेय. रंग तिला शोभत नाही.

फूल उमललं त्या दिवशी तिनं फोनवर मला ते सांगितलं. एकदम दिसत नाही, म्हणून तुकड्या-तुकड्यानं बघितलं म्हणाली. आधी फुलाचा मधला ओठ, त्यावरचे लाल ठिपके, मग एकेक पाकळी. "सगळं बघून संपलं की पहिली पाकळी विसरायला होतं, मग पुन्हा सुरुवात." मजेत हसत होती. ऐकून मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की लगेच रागही आला, कारण ते बरं वाटणं तुझ्या घरातून आलं होतं.

आता तुझं पत्र. फुलं गळून आठवडे झाले, हे मला तू नाही, मावशीनं सांगितलं. तू काय लिहितेस? आई तिकडे रुळली आहे. तळमजला आहे, जिना नाही. आईचीच राहायची इच्छा आहे. तिला तिच्या जुन्या कंदांचं झाड आता हाताशी हवंय, तेव्हा तेवढं नीट बांधून पाठव. आणि वर, "तुलाही आता जरा मोकळं वाटेल."

मोकळं! त्या एका शब्दासाठी तुझ्या दारात येऊन भांडावंसं वाटलं.

तिची कवळी टोचते म्हणून तू तिला कुठल्याशा डॉक्टरकडे नेलंस, हेही मावशीकडूनच कळलं. ती कवळी मी केलेली आहे. तिच्या खालच्या हिरडीला डाव्या बाजूला एक उंचवटा आहे, तो तिथे आहे हे जगात फक्त मला माहीत आहे. मला का नाही कळवलंस? मी आले असते, पाच मिनिटांत घासून दिली असती. तुला मी नको होते, एवढंच ना?

तिच्या थेंबांच्या वेळेचा गजर मी अजून बंद केलेला नाही. तो वाजतो, मी हात धुते, आणि तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येते. खुर्च्या आहेत तिथेच आहेत. मला हलवता आल्या असत्या, आता कोण अडखळणार होतं?

झाडाबद्दल. दोन्हींतलं एक जगलं. तीन पानं आहेत, स्वतःची मुळं आहेत, बुडाशी नवा कंद फुगतोय. ते मिळणार नाही. तुला नाही आणि आईलाही नाही. पुढचा भाग तुझा, हे तिनं ठरवलं. हे माझं, हेही तिनंच ठरवलं. मी ते अंधारातून ओढून बाहेर काढलंय, आणि त्यातलं एक मूळसुद्धा या घराबाहेर जाणार नाही.

आई रोज संध्याकाळी फोन करते. शेवटी एकच विचारते, "जमतंय ना गं सगळं?" मी म्हणते, जमतंय. मनात काहीही असो, तोंडातून तेच जातं. इतकी वर्षं तेच म्हटल्यावर जीभ दुसरीकडे वळतच नाही. आणि मी तसं म्हटलं की तिच्या आवाजातली काळजी जाते, ती तुझ्याकडे निर्धास्त राहते. मीच तिला रोज तिकडे ठेवतेय.

म्हणून हे पत्र तिला वाचून दाखव. तिला वाचता येत नाही, आणि तिच्याजवळ वाचणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे हे तुझ्याच तोंडून जायला हवं. यापेक्षा मोठी शिक्षा मला कुणी दिली नसती. वरचं सगळं तुझ्यासाठी होतं, ते गाळलंस तरी माझी हरकत नाही. पुढची ओळ गाळायची नाही, गोड करायची नाही, "ताई जरा थकलीय" अशा तुझ्या शब्दांत सांगायची नाही. तिच्यासमोर बस, तिचा हात हातात घे, आणि आहे तशी वाच.

आई, मला जमत नाहीये.

थोरली